घरात तोच, कोर्टात तोच

अभ्यासासाठी शास्त्रभाग: निर्गम २३:१-९, नीतिसूत्रे ३१:८-९, मीखा ६:८, योहान ७:४५-५२



या वेळच्या अभ्यासासाठी मी पवित्र शास्त्रातील व्यक्ती न घेता एका कादंबरीतला वकील आपल्यासमोर ठेवत आहे. हा वकील काल्पनिक आहे. पण तो ज्या प्रश्नाला तोंड देतो, तो प्रश्न पाड्यांवर काम करताना आमच्यासमोर वारंवार उभा राहतो. दुर्बळाचा कैवार घ्यायचा तर त्यासाठी नुसता कळवळा पुरतो का? आणि ज्याचा कैवार घेतला तोच हरला, तर आपले काम वाया गेले असे म्हणायचे का? वरील शास्त्रभाग आधी वाचावेत आणि मग पुढे वाचावे, ही विनंती.

गोष्ट थोडक्यात

हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९६२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात वकिलाची भूमिका करणाऱ्या ग्रेगरी पेक यांना ऑस्कर मिळाले.

गोष्ट घडते १९३० च्या दशकात, अलाबामा राज्यातील मेकॉम्ब या काल्पनिक गावात. गुलामगिरी कायद्याने संपून सत्तर वर्षे होत आली होती. तरी कृष्णवर्णीयांची वस्ती वेगळी, उपासनामंदिर वेगळे आणि कोर्टात बसण्याची जागाही वेगळी, वर सज्जात.

ॲटिकस फिंच हा या गावातला वकील. पत्नी वारलेली, जेम आणि स्काउट ही दोन मुले. गोष्ट सांगते ती धाकटी स्काउट. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर मायेला यूएल या गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो, आणि न्यायाधीश टॉमचा बचाव करण्याचे काम ॲटिकसकडे सोपवतात. आरोप खोटा आहे हे तो कोर्टात सर्वांच्या देखत दाखवून देतो. तरी गोऱ्या पुरुषांची ज्युरी टॉमला दोषी ठरवते. अपिलाची आशा शिल्लक असतानाच टॉम तुरुंगाच्या आवारातून पळू पाहतो आणि पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी मरतो.

लेखिकेने रंगवलेली ही परिस्थिती खरी होती. १९३१ मध्ये याच अलाबामात, स्कॉट्सबरो येथे, नऊ कृष्णवर्णीय मुलांवर असाच आरोप आला आणि काही दिवसांतच त्यांच्यापैकी आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. १९३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या. मुलांना खऱ्या अर्थाने वकील मिळालाच नव्हता, हे त्याचे कारण होते. वकील कागदावर असणे आणि वकील पाठीशी उभा असणे यांत जीवनमरणाचे अंतर असते.

पहिला धडा: बहुमताच्या मागे न जाणे

मेकॉम्बच्या लोकांना ॲटिकसचा राग का आला, ते बारकाईने पाहिले पाहिजे. कोर्टाने वकील नेमला यावर त्यांची फारशी तक्रार नव्हती. असे खटले एरवी गावातल्या सर्वांत नवख्या वकिलाकडे जात. तो उभा राहायचा, काहीतरी बोलायचा आणि प्रकरण मिटायचे. ॲटिकस टॉमचा बचाव मनापासून करणार आहे, हे लोकांना खुपत होते.

मुलगी विचारते, की हरणार हे माहीत असताना तुम्ही हे काम का घेतले? त्यावर त्याचे म्हणणे असे, की हे काम मी नाकारले तर गावात मान वर करून चालता येणार नाही, आणि तुम्हा मुलांना काही सांगण्याचा अधिकारही मला राहणार नाही. मोठी भाषणे तो करत नाही. मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात, नातेवाईक नावे ठेवतात. तो मुलांना एवढेच सांगतो, की डोके शांत ठेवा आणि हाणामारी करू नका.

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात देव इस्राएलाला बजावतो, की वाईट करण्यासाठी बहुतांच्या मागे लागू नका, आणि फिर्यादीत साक्ष देताना पुष्कळ लोक जिकडे झुकतात तिकडे झुकून न्याय बिघडवू नका. गर्दीतली माणसे एरवी वाईट असतात असे नाही. एका रात्री काही माणसे टॉमला ठार मारण्यासाठी तुरुंगापाशी येतात. ॲटिकस दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो. त्या माणसांत एक गरीब शेतकरी आहे, मिस्टर कनिंगहॅम. ॲटिकसने कधीकाळी त्याचे काम केले होते आणि पैसे नसल्यामुळे त्याने सरपण, अक्रोडासारखी फळे आणि भाजीपाला आणून ती फी फेडली होती. लहान स्काउट त्याला ओळखते आणि त्याच्या मुलाची विचारपूस करते. एवढ्याने त्याला आपली ओळख पटते, आणि तो बाकीच्यांना घेऊन निघून जातो. गर्दीतल्या माणसाला नावाने हाक मारली, की कधीकधी तो पुन्हा माणूस होतो.

योहानाच्या सातव्या अध्यायात निकदेमही असाच एकटा उभा राहतो. माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते का, एवढाच त्याचा प्रश्न आहे. उत्तरादाखल त्याला टोमणा मिळतो, की तूही गालीलातलाच का? दुर्बळाची बाजू घेणाऱ्याला 'तूही त्यांच्यातलाच' असे ऐकावे लागते. पाड्यावरच्या माणसाबरोबर कचेरीत गेले, की आम्हालाही हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. तो आता मला अपमान वाटत नाही.

दुसरा धडा: दया आणि सत्य, दोन्ही एकत्र

त्याच अध्यायात दोन आज्ञा अगदी जवळजवळ आहेत. सहाव्या वचनात सांगितले आहे, की गरिबाचा न्याय बिघडवू नका. तिसऱ्या वचनात मात्र असेही आहे, की गरीब आहे एवढ्यासाठी त्याच्या फिर्यादीत पक्षपात करू नका. पहिली आज्ञा आपल्याला आवडते, दुसरीपाशी आपण अडखळतो. पण कैवार आणि पक्षपात यांतला फरक तिथेच कळतो.

ॲटिकसची उलटतपासणी या दृष्टीने पाहावी. तो आवाज चढवत नाही. शेरीफला तो विचारतो, की डॉक्टरला बोलावले होते का? बोलावले नव्हते. जखमा चेहऱ्याच्या कोणत्या बाजूला होत्या? उजव्या. मग तो मुलीच्या बापाला, बॉब यूएलला, एका पाकिटावर स्वतःचे नाव लिहायला सांगतो. तो डाव्या हाताने लिहितो. शेवटी टॉम उभा राहतो तेव्हा सर्वांना दिसते, की त्याचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून निकामी झाला आहे. समोरून मारताना उजव्या गालावर असे वळ उठवणारा हात डावा असण्याचा संभव जास्त. ॲटिकस बचाव बांधतो तो अशा साध्या, पडताळून पाहता येणाऱ्या गोष्टींवर.

आणि फिर्याद करणाऱ्या मायेलाशी तो कसा वागतो? ही मुलगी खोटे बोलत आहे हे त्याला ठाऊक आहे. तरी तो तिला आदराने हाक मारतो. तिच्याशी असे कोणी कधी बोललेलेच नसल्यामुळे तो आपली थट्टा करतो आहे असे तिला वाटते. गावाच्या कचराडेपोजवळचे घर, दारुड्या बाप, सात भावंडांचा भार आणि एकही मैत्रीण नाही. ॲटिकस ज्युरीला सांगतो, की मला तिची मनापासून कीव येते, पण त्या किवेपोटी एका माणसाचा जीव पणाला लागू देता येणार नाही. मीखाच्या सहाव्या अध्यायात न्याय आणि दया एकाच वचनात का आल्या आहेत, ते इथे समजते.

टॉमवर आणखी एक आघात होतो. तो मायेलाला पैसे न घेता कामात मदत करत असे. का, असे विचारल्यावर तो सांगून जातो, की तिची दया आली. कोर्टातल्या गोऱ्या लोकांना हे सहन होत नाही. कृष्णवर्णीय मजुराने गोऱ्या मुलीची दया करावी? दया नेहमी वरून खाली वाहावी, अशी जगाची समजूत असते. आपण देणारे आणि आदिवासी घेणारे, असे ज्यांना वाटते त्यांनी इथे थांबून विचार करावा. पाड्यावरच्या लोकांनी मला किती वेळा घरात घेऊन जेवू घातले आहे, याची मोजदाद मी ठेवलेली नाही.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कादंबरीतला आरोप खोटा आहे, म्हणून बाईची तक्रार खोटीच असते असा धडा कोणी घेऊ नये. आपल्या महाराष्ट्रात १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, एका आदिवासी मुलीने पोलीस ठाण्यातच आपल्यावर अत्याचार झाल्याची तक्रार केली. 'मथुरा प्रकरण' म्हणून ते ओळखले जाते. सर्वोच्च न्यायालयात दोन्ही पोलीस निर्दोष सुटले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, याचा अर्थ तिची संमती होती असा लावला गेला. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी या निकालाविरुद्ध खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. मेकॉम्बमध्ये दुर्बळ आरोपीचे ऐकले गेले नाही, इथे दुर्बळ फिर्यादीचे ऐकले गेले नाही. सत्य शोधण्याआधीच निकाल मनात ठरलेला असला, की चिरडला जातो तो दुर्बळच.

तिसरा धडा: आतबाहेर एकच माणूस

ॲटिकसची शेजारीण त्याच्याविषयी सांगते, की घरात तो जसा आहे तसाच रस्त्यावरही आहे. सचोटीची मला याहून सोपी व्याख्या माहीत नाही.

याची खरी परीक्षा कादंबरीच्या शेवटी होते. सूडाने पेटलेला बॉब यूएल अंधारात ॲटिकसच्या मुलांवर हल्ला करतो आणि त्या झटापटीत स्वतःच मरतो. आपल्या मुलाच्या हातून हे झाले, अशी ॲटिकसची समजूत होते. शेरीफ प्रकरण मिटवायला तयार आहे. पण ॲटिकस म्हणतो, की माझ्या मुलासाठी काही दडपले जाऊ नये. जे झाले ते सर्वांसमोर यावे, नाहीतर मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकणार नाही. टॉमसाठी जो कायदा त्याने मागितला, तोच तो स्वतःच्या मुलालाही लावतो.

आता एक प्रसंग, जो आपल्यासारख्या मिशनकार्याच्या हितचिंतकांना टोचल्याशिवाय राहणार नाही. ॲटिकसच्या घरी मंडळीतील स्त्रियांच्या मिशनरी मंडळाची सभा आहे. चहा आणि खाऊ आहे. आफ्रिकेतल्या एका दूरच्या जमातीच्या हालअपेष्टा ऐकून एका बाईंचे डोळे भरून येतात. त्याच बाई थोड्या वेळाने आपल्या घरच्या कृष्णवर्णीय मोलकरणीबद्दल तक्रार करतात, की खटल्यापासून हिचे तोंड उतरलेले असते. टॉम मारला गेल्याची बातमी घेऊन ॲटिकस घरी येतो तो याच वेळी. तो स्वयंपाकघरात जातो आणि घरकाम सांभाळणाऱ्या कॅल्पर्नियाला सोबत घेऊन टॉमच्या बायकोला ही बातमी सांगायला निघतो. बाहेरच्या खोलीत चहा चालूच राहतो.

त्या बाईंचे अश्रू ढोंगाचे होते असे मला वाटत नाही. दूरच्या दुःखासाठी रडणे सोपे असते, कारण त्याला आपल्या घरात काही बदलावे लागत नाही. आपण पाड्यावरच्या शाळेसाठी देणगी देतो, ती देवाला प्रिय आहेच. पण आपल्या घरी धुणीभांडी करणारी मुलगी कोणत्या पाड्यावरून आली? तिला सुट्टी मिळते का? आपल्या सोसायटीचे बांधकाम करणारे, आपल्या घराच्या विटा भाजणारे मजूर कोण होते आणि त्यांची मजुरी पूर्ण मिळाली का? याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तोंड पाहून वागण्याबद्दल जे लिहितो, ते मंडळीच्या आत बसलेल्या लोकांना उद्देशूनच आहे.

दहा डॉलर

कादंबरीतला मला सर्वांत प्रिय असलेला प्रसंग कोर्टातला नाही. तो उपासनेतला आहे. टॉम तुरुंगात आहे. त्याची बायको हेलन हिला कोणी कामावर घेत नाही आणि घरी लहान मुले आहेत. कृष्णवर्णीयांच्या मंडळीत रेव्हरंड साइक्स तिच्यासाठी दान गोळा करतात. हे मंदिर गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या पहिल्या कमाईतून उभे राहिलेले आहे. नाणी मोजल्यावर पैसे कमी भरतात. रेव्हरंड दार बंद करायला सांगतात: दहा डॉलर पुरे झाल्याशिवाय कोणी बाहेर जायचे नाही. एकेकाला नावाने पुढे बोलावले जाते आणि त्या गरीब लोकांतून दहा डॉलर जमतात. त्या दिवशी कॅल्पर्नियाबरोबर गेलेली ॲटिकसची मुलेही आपापले नाणे त्यात टाकतात.

खटल्याचा निकाल तेव्हा कोणालाच माहीत नव्हता. टॉम जिंकला तर पैसे देऊ, असे कोणी म्हटले नाही. वकील कोर्टात लढेल, पण तोवर त्या घरातली चूल कोणी पेटती ठेवायची? मंडळीने ते काम उचलले.

आम्ही कार्यकर्ते आपल्याला अहवाल पाठवतो आणि त्यात यशोगाथा असाव्यात अशी अपेक्षा असते. ती रास्तही आहे. पण न्यायाच्या कामात पुष्कळदा सांगण्यासारखे यश नसते. तारखा पडत राहतात. नवरा कोठडीत असलेल्या बाईची प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे लागते. कोर्टातली भाषा तिला कळत नाही. घरी ती वेगळीच बोली बोलते. अशा एका बहिणीने मला निकालाबद्दल काहीच विचारले नाही. पुढच्या तारखेला कोणी सोबत येईल का, एवढेच तिने विचारले. अशा सोबतीचा आकडा अहवालात कुठे लिहायचा, ते मला अजून सापडलेले नाही.

ॲटिकस खटला हरला. तरी तो कोर्टातून बाहेर पडताना सज्जातले सारे कृष्णवर्णीय लोक उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घराच्या मागच्या पायऱ्यांवर त्यांनी आणून ठेवलेल्या खाण्याच्या वस्तूंचा ढीग होता. बाजू कोणी घेतली, हे त्यांना नीट कळले होते.

माणूस आणि कैवारी

ॲटिकसला आपण देवमाणूस करू नये. कृष्णवर्णीयांना तारायला गोरा वकीलच यावा लागतो अशी ही गोष्ट आहे आणि टॉमला स्वतःचा आवाज फार थोडा मिळतो, असा आक्षेप अनेकांनी घेतला आहे. २०१५ मध्ये हार्पर ली यांची 'गो सेट अ वॉचमन' ही आधी लिहून ठेवलेली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातला म्हातारा ॲटिकस गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांनी एकत्र शिकावे याच्या विरोधात आहे, हे वाचून अनेक वाचक दुखावले. मला त्यातून एवढेच उमजले, की एका प्रसंगी धैर्य दाखवणाऱ्याचेही मन पुढे पुन्हा तपासावे लागते.

थिऑलॉजीचा डिप्लोमा करताना एक शब्द आम्हाला शिकवला गेला: पॅराक्लेतॉस, म्हणजे मदतीसाठी बाजूला बोलावलेला. आपल्या मराठी शास्त्रात त्याला 'कैवारी' म्हटले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तो पवित्र आत्म्यासाठी येतो, आणि योहानाच्या पहिल्या पत्रात स्वतः प्रभू येशूसाठी. आपली बाजू पित्यासमोर घेणारा कोणी आहे, म्हणून आपण उभे आहोत. ज्याचा असा कैवार घेतला गेला, त्याने मुक्याची बाजू घेताना मागे राहू नये. नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय हेच शिकवतो.

आपल्याला करता येण्यासारखे

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९अ मध्ये मोफत कायदेशीर मदतीचे तत्त्व आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांनाही हा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. जिल्ह्याला प्राधिकरण असते. १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. १९८६ मध्ये, अरुणाचल प्रदेशातील एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आरोपीने मागितला नाही म्हणून हा हक्क जात नाही; त्याला तो सांगणे हे कोर्टाचे काम आहे. तरीही पाड्यावर ही माहिती पुष्कळांना नसते. आपल्या मंडळीत वकील, निवृत्त कारकून किंवा शिक्षक असतील, तर महिन्यातून एक दिवस कोणाबरोबर तरी कोर्टात बसणे हीदेखील सेवाच आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. निर्गम २३ मधील तिसरे आणि सहावे वचन एकत्र वाचा. दुर्बळाचा कैवार आणि पक्षपात यांतील रेषा आपण कोठे ओढू?

२. कादंबरीच्या शेवटी, मुलांना वाचवणाऱ्या एका भिडस्त, घराबाहेर न पडणाऱ्या शेजाऱ्याचे नाव शेरीफ उघड होऊ देत नाही आणि ॲटिकस ते मान्य करतो. हे बरोबर होते का?

३. आपल्या घरात काम करणाऱ्या व्यक्तीला आपण मंडळीतल्याइतक्याच आदराने हाक मारतो का?

४. निकाल अनुकूल लागणार नाही हे ठाऊक असताना आपली मंडळी एखाद्या कुटुंबाला किती काळ साथ देईल?

प्रार्थनेत कोठडीत असलेल्या आदिवासी बंधूंची, त्यांच्या घरच्यांची आणि त्यांच्यासाठी उभ्या राहणाऱ्या वकिलांची आठवण ठेवावी.

ख्रिस्ताच्या सेवेत,
आपली एक बहीण